लिहून देणार, पण सांगणार कोण?

महाबळेश्वर-पाचगणी भागात घरं दाखवली जातात ती एप्रिल-मे महिन्यात. हवा थंड, आकाश मोकळं. मुंबई-पुण्याहून आलेला माणूस एजंटच्या गाडीतून उतरतो आणि आधी दरीकडे बघतो. एजंटही त्याला दरीच दाखवतो. सूर्यास्त कुठून दिसतो, बाजारपेठ किती मिनिटांवर आहे, पाहुणे ठेवले तर सीझनला किती सुटतात, हे सगळं सांगून होतं. सातबारा कुणाच्या नावावर आहे, मागच्या खोलीला परवानगी आहे का, पावसाळ्यात कुठली भिंत ओली होते, हे कुणी सांगत नाही. विचारलंच तर उत्तर येतं, "ते वकील बघतील की!"

मग जून उजाडतो. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. 23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेल्या 24 तासांत तर तब्बल 594 मिलिमीटर पडला. त्याच दोन दिवसांत सातारा जिल्ह्यातच, पाटण तालुक्यातल्या आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून माणसं गाडली गेली. अशा मुलखात विकणाऱ्याला आपल्या घराबद्दल वर्षानुवर्षांच्या मुक्कामातून जे ठाऊक असतं, ते घेणाऱ्याला मे महिन्यातल्या एका दुपारी कसं कळावं?

माझं म्हणणं साधं आहे. घर विकणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टी कागदावर लिहून, खाली सही करून दिल्या पाहिजेत. त्याही घेणाऱ्याने मागितल्यावर नव्हे, तर इसार घेण्याच्या आधी. त्याने हे सांगितलं नाही तर त्याला "व्यवहारी माणूस" म्हणणं आपण बंद केलं पाहिजे. त्याला जे म्हणायचं ते कायद्याने 1882 सालीच म्हणून ठेवलं आहे आणि दीनने त्याच्या कितीतरी आधी.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी घरची गोष्ट सांगते.

आमचा साताऱ्यात एक फ्लॅट होता. पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओली व्हायची. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावं लागायचं, कुराण आणि मुलांची पुस्तकं दुसऱ्या खोलीत न्यावी लागायची. 2018 च्या मार्चमध्ये फ्लॅट विकायला काढला तेव्हा मिस्टरांनी पोपडे खरवडून घेतले, पुट्टी भरली, वर फिकट पिवळा रंग मारला. घ्यायला आलेले गृहस्थ सरकारी नोकरीतले, सोबत बायको आणि म्हातारी आई. त्यांनी विचारलं, "पावसाळ्यात पाणी येतं का?" मिस्टर म्हणाले, "नळाला रोज सकाळी येतं." सगळे हसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मीही हसले.

त्या हसण्याची मला आज लाज वाटते. आम्ही खोटं बोललो नव्हतो, ही पळवाट मी स्वतःला बरीच वर्षं देत राहिले. प्रश्न भिंतीचा होता, उत्तर नळाचं दिलं. शाळेत एखाद्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 मधलं कलम 55 प्रत्येक घर घेणाऱ्याने एकदा तरी वाचावं. मिळकतीत किंवा विकणाऱ्याच्या मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याला सापडण्यासारखा नसेल, तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. मागितल्यावर हक्काचे सगळे कागद तपासायला देणं बंधनकारक आहे. मिळकतीबद्दल घेणाऱ्याने विचारलेल्या संबंधित प्रश्नांची उत्तरं आपल्या माहितीप्रमाणे देणं बंधनकारक आहे. विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी कर त्यानेच भरायचे. आणि याच कलमाच्या शेवटी स्पष्ट लिहिलं आहे की, दोष सांगण्यात कसूर करणं हे कपट आहे. कायद्याने तिथे "नजरचूक" हा शब्द वापरलेला नाही. म्हणजे मार्च 2018 मध्ये आमच्या दिवाणखान्यात जे घडलं, त्याला कायद्यात नाव आहे.

मग अडतं कुठे? एक तर, करारात वेगळं काही ठरलं नसेल तरच हे कलम पूर्णपणे लागू पडतं. म्हणून "जशी आहे तशी पाहून, पसंत करून घेतली" असं वाक्य खरेदीखतात हळूच येऊन बसतं. दुसरं, विकणाऱ्याने काय सांगितलं आणि काय नाही याचा पुरावाच मागे राहत नाही. सगळं तोंडी. कोर्टात गेल्यावर एक म्हणतो "सांगितलं होतं", दुसरा म्हणतो "नव्हतं". कर्तव्य 1882 पासून आहे, पण ते पार पाडल्याचा कागद आजवर कुणी मागितलेला नाही.

नवीन फ्लॅट बिल्डरकडून घेतला तर गोष्ट वेगळी आहे. 2016 च्या रेरा कायद्याने बिल्डरला जमिनीच्या हक्काचा वकिली अहवाल, बोजे, मंजूर नकाशे हे सगळं महारेराच्या संकेतस्थळावर टाकावं लागतं. जमिनीच्या हक्कात दोष निघाला तर भरपाई मागायला मुदतीची अट नाही. त्याआधी महाराष्ट्राच्या 1963 च्या मोफा कायद्यानेही बिल्डरकडून हक्काची खरी आणि पूर्ण माहिती मागितली होती. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असा छोटा प्रकल्प रेराच्या नोंदणीतून सुटतो. आणि तुमच्या-माझ्यासारखा एखादा आपलं जुनं घर विकतो, तो तर रेराच्या कक्षेतच येत नाही. महाबळेश्वर, पाचगणी, वाई भागातले बरेच व्यवहार असेच, माणसाने माणसाला जुनं घर विकण्याचे असतात. सगळ्यात कमी माहिती तिथेच मिळते.

मी भाषा शिकवते, म्हणून खरेदीखताची भाषाही मी वाचते. "लिहून देणार" आणि "लिहून घेणार" हे आपल्या दस्तातले दोन पक्ष. लिहून देणार सांगतो की सदर मिळकत निर्वेध आणि बोजारहित आहे, तिच्यावर गहाण, दान, पोटगी, जप्ती यांपैकी काही नाही, आणि पुढे कुणी हक्क सांगत आलाच तर त्याचं निवारण तो स्वखर्चाने करून देईल. वाचायला भारदस्त वाटतं. यातले हक्क, जप्ती, वारस, कब्जा, नक्कल हे शब्द उर्दूच्या तासालाही मला परके नाहीत. पण हा मजकूर टायपिस्टच्या संगणकात आधीच तयार असतो. नाव, गट नंबर, चतुःसीमा आणि रक्कम बदलली की झालं काम. ज्याच्या तोंडी तो घातलेला असतो, त्याने तो कित्येकदा वाचलेलाही नसतो. आपलं घर कुठे गळतं, कुणाचा वाटा राहिला आहे, कुठली नोटीस आली आहे, हे स्वतःच्या शब्दांत सांगायला त्या दस्तात एक ओळ मोकळी नाही.

महाबळेश्वर तालुक्यात तर सांगण्यासारखं फार असतं. केंद्र सरकारच्या 17 जानेवारी 2001 च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झाला. बांधकाम, उतार फोडणं, झाडं तोडणं यांवर बंधनं आली. अनधिकृत बांधकामांवर हातोडा पडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतोच. ज्याने मागच्या बाजूला परवानगीशिवाय दोन खोल्या चढवल्या, त्याला ते माहीत असतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 53 ची नोटीस आली असेल तर ती त्याच्याच कपाटात असते. ब्रिटिश काळातले इथले कितीतरी बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जागेवर आहेत. विकणारा "बंगला" विकतो, पण जमीन त्याची नसते. पट्टा कधी संपतो किंवा संपला, हे त्याला ठाऊक असतं. सातबारावर "भोगवटादार वर्ग 2" असेल तर परवानगीशिवाय ती जमीन हस्तांतरित होत नाही. "इतर हक्क" या रकान्यात कुळाची, बँकेच्या कर्जाची, खाजगी वनाची नोंद असू शकते. जमीन शेतीची असेल आणि घेणारा शेतकरी नसेल, तर 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. गावठाणातल्या घराला बरेचदा ग्रामपंचायतीच्या नमुना 8 चा उतारा पुढे केला जातो. तो करआकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे.

यातलं बरंच काही हुशार वकील शोधून काढतो, हे मला मान्य आहे. दुय्यम निबंधकांकडे तीस वर्षांचा शोध घेता येतो, सूची दोनच्या नकला निघतात, फेरफार ऑनलाइन बघता येतात. पण शोध अहवालात फक्त नोंदलेलं सापडतं. ओल नोंदवलेली नसते. घरामागची दरड मागच्या वर्षी किती पुढे सरकली, ते नोंदवलेलं नसतं. विहिरीच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी चाललेलं भांडण नोंदवलेलं नसतं. आणि आपल्या समाजात सगळ्यात जास्त वेळा जी गोष्ट नोंदवलेली नसते, ती म्हणजे बहीण.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधल्या एका गावात घर बघितलं. किंमत 28 लाख ठरली, तीन लाख इसार दिला. विकणारे आपल्यातलेच, वयाने मोठे, पहिल्या सफेत उभे राहणारे. माझे मिस्टर त्यांना चाचा म्हणायचे. कागद म्हणून मिळालं ते नमुना 8 चा उतारा, घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल, तिन्ही झेरॉक्स. मी आणखी काही मागायला लागले तर मिस्टर म्हणाले, "आपल्या माणसाकडे असे कागद मागतात का? बाहेरचे आपल्याला घर द्यायला तयार नाहीत, हे देताहेत ते बघ."

त्यांचं हे दुसरं वाक्य खरं होतं आणि तेच मला लागलं. नाव ऐकल्यावर "तो फ्लॅट कालच गेला" हे उत्तर आम्ही साताऱ्यात ऐकलं आहे, पुण्यातही ऐकलं आहे. दहा दारं बंद झाल्यावर जे दार उघडतं, तिथे माणूस प्रश्न विचारत नाही. घेणाऱ्याची ही लाचारी विकणाऱ्यालाही कळत असते. बाहेरच्याने आपल्याला घर नाकारलं म्हणून आपण संतापतो, लेख लिहितो. पण त्याच नाकारण्याचा फायदा घेऊन आपल्यातलाच माणूस आपल्याला अर्धवट माहितीवर घर विकतो, त्यावर आपण गप्प बसतो. मला या दोन्ही गोष्टींचा राग आहे, आणि दुसरीचा जास्त आहे, कारण ती थांबवणं आपल्या हातात आहे.

सुदैवाने वकिलांनी हट्ट धरला आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली: सदर मिळकतीवर कुणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत कळवावं. आठव्या दिवशी मिरजेहून फोन आला. कुणीतरी त्या नोटिशीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. विकणाऱ्यांची सख्खी बहीण बोलत होती. दोन दिवसांनी ती मुलाला घेऊन एसटीने आमच्याकडे आली. भांडायला नव्हे. पाणी प्यायली आणि म्हणाली, "मॅडम, घर अब्बांचं होतं. अब्बा गेल्यावर भावांनी आपली नावं लावली. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित मी सोडलंही असतं." मग निघताना, अगदी सहज: "आणि मागच्या दोन खोल्यांची नोटीस आली होती, ती मिटली का?"

नोटीस! आम्हाला ती कुठे ठाऊक होती? जिचं नाव एकाही कागदावर नव्हतं, तिने आम्हाला घराची खरी माहिती दिली. ज्यांची नावं सगळ्या कागदांवर होती, त्यांनी दिली नाही.

चाचांना विचारलं तर ते म्हणाले, "तिला लग्नात दिलं की सगळं."

हे वाक्य आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात बोललं जातं, म्हणून त्याचं उत्तर एकदा नीट देते. लग्नात दिलेलं भांडं-कुंडं, सोनं-नाणं म्हणजे वारसा नव्हे. मुलीचा वाटा सूरह निसाने ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा. तो बापाच्या मृत्यूबरोबर तिचा होतो. तो देणं न देणं भावाच्या मर्जीवर ठेवलेलं नाही. 1937 च्या शरियत कायद्याने राहत्या घराच्या बाबतीत आपल्याला हाच नियम लागू आहे. मुस्लिम कायद्यात वारस हे आपापल्या वाट्याचे स्वतंत्र मालक असतात. भाऊ फक्त स्वतःचा वाटा विकू शकतो. बहिणीचा वाटा त्याने विकला तरी तो विकला जात नाही, घेणाऱ्याच्या गळ्यात फक्त दावा पडतो. आणि फेरफारात नाव नाही म्हणून हक्क नाही असंही नसतं. फेरफार मालकी निर्माण करत नाही, हे कोर्टांनी वारंवार सांगितलं आहे. ट्रिपल तलाकच्या वेळी शरियत वाचवायला रस्त्यावर उतरलेल्या किती जणांनी घर विकताना बहिणीची सही घेतली आहे, हा प्रश्न मी इथे विचारून ठेवते.

आमचा व्यवहार मोडला. इसार तीन हप्त्यांत परत आला. चाचांनी ते घर पुढे पुण्याच्या एका कुटुंबाला विकलं. मिरजेच्या ताईंनी आता दावा लावला आहे आणि त्या पुण्याच्या कुटुंबाला दर तारखेला यावं लागतं. त्यांनी पूर्ण किंमत मोजली होती. त्यांचा गुन्हा एवढाच, की जे फक्त विकणाऱ्याला ठाऊक होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

आता दीनबद्दल. एक प्रसंग आपण सगळ्यांनी लहानपणी मदरशात ऐकला आहे. पैगंबर साहेब बाजारातून जात होते. धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला तर बोटं ओली झाली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजलं. मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं तोडून टाकलं. सहीह मुस्लिममध्ये हा प्रसंग आहे. दर वेळी तो आठवला की मला आमची पश्चिमेची भिंत दिसते. वर कोरडा पिवळा रंग, खाली ओल.

बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हकीम बिन हिजाम यांच्याकडून आलेली हदीस सांगते की, विकणारा आणि घेणारा खरं बोलले आणि उघड करून बोलले तर सौद्यात बरकत येते, लपवलं तर ती पुसली जाते. इब्न माजाच्या संग्रहात तर थेट आहे की, मालातला ऐब न सांगता तो आपल्या भावाला विकणं हलाल नाही. फिकहमध्ये यासाठी "खियार-ए-ऐब" नावाचा हक्कच आहे: लपलेला दोष निघाला तर घेणाऱ्याला सौदा फिरवता येतो. हनफी फकीहांनी "सगळ्या दोषांसह विकतो" अशी अट मान्य केली आहे हेही खरं आहे, आणि चलाख लोक तीच पुढे करतात. पण ती अट न ठाऊक असलेल्या दोषांच्या वादातून सुटायला आहे. ठाऊक असलेला दोष रंगाखाली दडवायचा परवाना तिच्यातून निघत नाही.

राहिला "आपल्या माणसाकडे कागद मागायचा नसतो" हा मुद्दा. कुराणातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची 282 वी, नमाज-रोज्याबद्दल नाही. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, विक्रीला साक्षीदार ठेवा, असं तिथे सांगितलं आहे. हे सांगितलं ते ईमानवाल्यांना, एकमेकांचे भाऊ असलेल्यांना. म्हणजे लिहून घेणं हा भावावरचा अविश्वास असता, तर ही आयत उतरलीच नसती. आणि हे महाबळेश्वर तरी इंग्रजांकडे कसं गेलं? 1829 साली सातारच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून, वाईजवळचं खंडाळा बदल्यात देऊन, लेखी कराराने. राजेरजवाडे लिहून घेत होते, आणि आपण 28 लाखांचं घर "आपलाच माणूस आहे" या तीन शब्दांवर घेतो.

दुसरा आक्षेप: सगळं सांगितलं तर भाव पडेल. पडेलच. दोषासकट घराची जी किंमत आहे तेवढीच तुमची. तिच्यावरचे पैसे दुसऱ्याच्या अज्ञानाचे आहेत, तुमचे नव्हेत. गप्प बसण्याला बाजारात किती किंमत असते ते बघायचं तर अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याकडे बघा. तिथे घराच्या स्थितीचं निवेदन द्यायचं, नाहीतर घेणाऱ्याला पाचशे डॉलरची सूट द्यायची, अशी सोय कायद्यात होती. विकणारे सर्रास पाचशे डॉलर सोडून गप्प राहायचे. शेवटी 2024 मध्ये ती सोय काढून टाकावी लागली. कॅलिफोर्नियात 1987 पासून विकणारा छापील फॉर्मवर छत, पाया, पाणी, परवानगीशिवायचं बांधकाम, शेजाऱ्यांशी वाद, सगळं लिहून देतो. पूर, वणवा, भूकंप यांच्या धोक्याचा कागद वेगळा.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गरीब माणसाकडे कागदच नसतात. सांगली-मिरजेत गुंठेवारीतल्या कितीतरी घरांचे व्यवहार साध्या नोटरीवर झालेत. वटमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात सांगितलं, पण माणसं राहताहेतच. त्यांना मी जाड फाइल मागत नाही. मी मागते ते एक पान, ज्यावर "माझ्याकडे मालकीचा नोंदणीकृत कागद नाही" एवढंही लिहिता येतं. कागद नसणं हा गुन्हा नाही. नसलेला असल्यासारखा दाखवणं ही फसवणूक आहे. इंग्लंडने 2007 मध्ये विकणाऱ्यावर महागड्या माहितीसंचाची सक्ती केली, ती 2010 मध्ये गुंडाळावी लागली. पण तिथे विकणाऱ्याने स्वतः भरून द्यायचा साधा प्रश्नांचा फॉर्म आजही चालतो. आपल्यालाही तेवढाच हवा.

म्हणून माझी मागणी अशी. राज्य सरकारने जुन्या घराच्या प्रत्येक खरेदीखताला विकणाऱ्याचं एक पानी निवेदन जोडणं सक्तीचं करावं. ते टायपिस्टच्या संगणकातलं नको, त्याच्या हातचं हवं. त्यात ही उत्तरं असावीत: हे घर तुमच्याकडे कसं आलं? वारसाने आलं असेल तर सगळ्या वारसांची नावं, बहिणींची आणि आईचीसुद्धा, आणि त्यांच्या सह्या आहेत का? मूळ कागद तुमच्याकडे आहेत की बँकेकडे? जमीन कुठल्या प्रकारची: अकृषिक, वर्ग 2, भाडेपट्टा, वक्फ, गुंठेवारी? कुठलं बांधकाम परवानगीशिवाय आहे? कुठल्या खात्याची नोटीस आली? कोर्टात काही चालू आहे का? पाणी कुठून येतं, रस्ता कुणाच्या जागेतून आहे? पावसात कुठे गळतं? दरड किंवा पूर कधी आला होता, आणि पाणी कुठपर्यंत चढलं होतं? सांगलीत आयर्विन पुलाजवळ 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांवर गेली होती. त्या पुराच्या खुणा भिंतींवरून पुसायला एक रंगाचा डबा पुरतो. हा शेवटचा प्रश्न त्या डब्यासाठी आहे.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर जमातीने करावं. निकाह लिहून घेतो तसं हेही लिहून घेता येईल. मशिदीच्या फलकावर हे दहा प्रश्न लावले तरी पुरे. आणि घेणाऱ्यांनो, लाजू नका. 55 वं कलम घेणाऱ्यावरही जबाबदारी टाकतं: विकणाऱ्याच्या हक्काबद्दल त्याला ठाऊक नसलेली आणि किंमत वाढवणारी गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल तर ती तुम्हीही सांगायची.

मागच्या वर्षी आम्ही दोघं साताऱ्याच्या त्या फ्लॅटवर गेलो. भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घेतलेलं होतं. मिस्टरांनी सगळं सांगितलं आणि त्या कामाचा खर्च पुढे ठेवला. ते गृहस्थ म्हणाले, "पहिल्याच पावसात कळलं होतं आम्हाला. आईची खोली तीच होती." आई आता नाहीत. पैसे त्यांनी मोजून घेतले, पावती लिहून दिली. चहा विचारला नाही.

ती पावती मी जपून ठेवली आहे. त्या व्यवहारात आम्ही खरं सांगितल्याचा आमच्याकडे तो एकच कागद आहे, आणि त्याला सात वर्षं उशीर झाला.